दोन पोती कोळसा आणि वर्गलचा रस्ता

तारनाक्याहून वर्गल पन्नास-पंचावन्न किलोमीटर. बत्तीस वर्षं हैदराबादेत राहून मी तिकडे एकदाही फिरकले नव्हते. टेकडीवरच्या सरस्वतीचं नाव ऐकून होते, शाळेतल्या मुलांना परीक्षेआधी नमस्कार करायला सांगायचे, स्वतः मात्र कधी गेले नाही. या फेब्रुवारीत गेले ती देवदर्शनाला नाही, माफी मागायला. भाजी विकणाऱ्या यादम्माचा मळा मी पिवळा पाडला होता, निदान मला तसं वाटत होतं.

आधी माझा गुन्हा सांगते. मी निवृत्त विज्ञान शिक्षिका. निवृत्त झाले, पण शिकवायची खोड गेली नाही. गच्चीवर चाळीस कुंड्या आहेत. दिवाळीनंतर बायोचारचं खूळ डोक्यात शिरलं. बायोचार म्हणजे लाकूडफाटा, करवंट्या, पऱ्हाट्या कमी हवेत जाळून केलेला कोळसा. राख होऊ द्यायची नाही, त्याआधीच पाणी मारून विझवायचं. हा कोळसा चुरून मातीत मिसळला की माती पाणी आणि खत धरून ठेवते, आणि वर्षानुवर्षं तो मातीत टिकतो. आमच्याकडची लाल, रेताड जमीन पाणी धरत नाही, तिला तर हे वरदानच. मी देवळातून करवंट्या आणल्या, छाटलेल्या फांद्या गोळा केल्या आणि मागच्या रिकाम्या प्लॉटवर लोखंडी पिंपात महिनाभर कोळसा करत बसले. आमच्या ह्यांनी रेल्वेत पस्तीस वर्षं काढली. ते म्हणाले, "कोळशाचं इंजिन बंद होऊन इतकी वर्षं झाली, आता घरातच सुरू झालं."

मग संक्रांत आली. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला दरवर्षी प्लास्टिकचे डबे आणि गाळण्या वाटून कंटाळा आला होता. या वर्षी मी वाण म्हणून अर्धा अर्धा किलो बायोचार कापडी पिशव्यांत भरून दिला. एकीने पिशवी दोन बोटांत धरून विचारलं, "काय आहे हो हे?" मी म्हटलं, "कोळसा. संक्रांतीला काळं चालतं." बायका हसल्या, पण घेऊन गेल्या. उरलेली दोन पोती मी यादम्माला दिली.

यादम्मा आणि तिचा नवरा मल्लेश नऊ वर्षं मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या कोपऱ्यावर ट्रॉली ऑटोतून भाजी आणतात. पालक, आंबाडी, टोमॅटो आणि ती जांभळी गोल वांगी, ज्यांच्यासाठी मी बाकी सगळ्या भाजीवाल्यांना तोंड दाखवायचं बंद केलंय. पोती तिच्या ऑटोत ठेवताना मी सांगितलं, "हर वांगे के झाड को एक एक मुट्ठी. पूरे खेत में डालो." ती म्हणाली, "हौ टीचरम्मा." आमच्याकडे हौ म्हणजे होय. पण 'होय, ऐकलं' आणि 'होय, करते' यांत फरक असतो, हे मला नंतर कळलं.

दोन-तीन आठवड्यांनी मंडळातल्या दोघींचे फोन आले. एकीची कोथिंबीर पिवळी पडली होती, एकीची मेथी खुरटली होती. मी म्हटलं, पाणी जास्त झालं असेल. शिक्षकाला आपली चूक पहिल्या फटक्यात दिसत नाही. मग यादम्मा यायची थांबली. एक मंगळवार गेला, एक शुक्रवार गेला, असं करत पाच खेपा चुकल्या. मल्लेशला फोन लावला, तर तो रस्त्यावर कुठेतरी होता. "झाडां पीले हो गए टीचरम्मा," एवढं ऐकू आलं आणि फोन कटला. पुन्हा लागलाच नाही.

मोबाइल उघडून ज्या माहितीपत्रकावरून मी सगळं केलं होतं ते पुन्हा वाचलं. दुसऱ्याच पानावर स्पष्ट लिहिलं होतं की ताजा कोळसा तसाच मातीत घालू नये. आधी तो शेणकाल्यात, गोमूत्रात किंवा कंपोस्टमध्ये दोन-चार आठवडे मुरवावा. कोरडा कोळसा हा उपाशी पाहुणा. तो आल्या आल्या मातीतला नत्र स्वतःच खातो आणि झाडं ताटकळत बसतात. आणि गंमत अशी की हा परिच्छेद मी आधी वाचला होता. रथसप्तमीच्या आत वाण संपवायचं होतं, म्हणून मुरवायला वेळ नव्हता. म्हटलं, एवढ्याने काय होतंय.

यादम्माच्या मळ्यावर तिचं घर चालतं. पूर्ण मळ्यात माझा कोळसा पडला असेल, तर तिचा हंगाम माझ्या वाणापायी गेला होता. मी ह्यांना म्हटलं, "अहो, रविवारी आपण तिच्या गावाला जायचं." मल्लेश एकदा म्हणाला होता की वर्गलच्या फाट्याच्या अलीकडे, मारुतीच्या देवळामागे आमचं गाव. पत्ता एवढाच. शनिवारी सुलतान बाजारात जाऊन मी तिच्यासाठी एक हिरवी साडी घेतली. हे पिशवीकडे बघून म्हणाले, "साडी दिली की झाडं हिरवी होतात का?"

रविवारी सकाळी सातला निघालो. तुम्हाला जायचं असेल तर रविवारी सातच बरं. सिकंदराबादचं ज्युबिली बस स्टँड आणि पुढचा अलवालचा पट्टा तोवर मोकळा असतो, आठनंतर तिथे गाडी चालत नाही, सरपटते. गाडी नसेल तर याच बस स्टँडवरून सिद्दीपेटच्या बाजूच्या बस सुटतात, वर्गलच्या फाट्याला उतरायचं आणि पुढे शेअर ऑटो. तूमकुंट्याच्या पुढे रस्त्याकडेला एक टपरी दिसली, तिथे इडली खाल्ली. चटणीत कैरी होती. दोघांचं चहासकट शंभराच्या आत झालं. मला घास उतरत नव्हता, हे मात्र दुसरी प्लेट मागवत होते. शामीरपेट ओलांडलं की शहर सुटतं. उंच इमारती मागे राहतात, मोठमोठे दगड एकमेकांवर बसलेले दिसतात आणि मग लाल जमीन सुरू होते. तिला तिकडे चेल्का म्हणतात. नांगरलेल्या रानात कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग पडले होते, आणि कुठे कुठे ते सरळ पेटवून दिले होते. एरवी असा धूर दिसला की मी गाडीत बसल्या बसल्या व्याख्यान सुरू करते. त्या दिवशी गप्प होते. ह्यांनी दोनदा वळून पाहिलं आणि म्हणाले, "उगं काळजी करू नकोस. फार तर रागावेल." मी म्हटलं, रागावली तर बरंच होईल.

मारुतीची देवळं त्या रस्त्यावर तीन निघाली. तिसऱ्या देवळामागे एका म्हाताऱ्याला विचारलं, "मल्लेश, भाजी का ऑटोवाला?" त्याने हाताने दिशा दाखवली आणि विचारलं, "टीचरम्मा तुम्हीच का?" असं तो अर्ध्या तेलुगूत म्हणाला. मला वाटलं, झालं, कीर्ती माझ्याआधी पोचली.

यादम्मा विहिरीपाशी पालकाच्या जुड्या बांधत होती. आम्हाला बघून उठली, पदराला हात पुसले आणि काहीएक न विचारता बाज ओढली, पाण्याचा तांब्या आणला. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "यादम्मा, झाडं दाखव. कितना खराब हुआ?"

"बैठो तो अम्मा. पानी पियो. झाडां किधर भाग रै?"

"तुम लोग आए नहीं इतने दिन."

"ऑटो का इंजन खोल के डाले. बीच में कोमुरवेल्ली की जत्रा आयी, मेकॅनिक उधरीच चला गया." मग तिच्या काहीतरी लक्षात आलं आणि ती हसायला लागली. "आप समझे कोयले के वास्ते नै आ रै?"

तरी मी पाणी पिऊन उठलेच. तिने आम्हाला मळ्यात नेलं. वांग्याच्या सऱ्या लांबपर्यंत गेल्या होत्या, पानं रुंद आणि गडद, फुलं आलेली. टोमॅटोला काठ्यांचा आधार दिला होता. मी एकेक झाड बघत चालले होते. पिवळं काही दिसेना. शेवटी घराच्या मागच्या भिंतीलगत चार हात रुंदीचा एक वाफा होता. त्यात पाच-सहा वांगी, थोडी मेथी, थोडी आंबाडी. सगळं पिवळट, खुजं. मेथी तर बोटभरही वाढलेली नव्हती.

"ये घर का मडी," ती म्हणाली. मडी म्हणजे वाफा. "नवा कुछ भी आया तो पहले इसमें डालते. बीज नवा, दवा नवी, कोयला नवा. हम खाके देखते. अच्छा है तो बाद में बेचने का मडी."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते वाकून मेथी बघत होते.

मला आधी हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. हंगाम वाचला होता. मग हळूहळू उरलेलं लक्षात यायला लागलं. या वाफ्यावर सहा माणसं जेवतात, सासू, दोन मुली, दीर आणि हे दोघं. माझ्या कोळशाने त्यांचं स्वतःचं ताट बिघडवलं होतं. "मग तुम्ही काय खाता?" मी विचारलं. विकायची वांगी समोर शंभर लागलेली.

"पप्पू है, पच्चडी है," ती म्हणाली. वरण आहे, चटणी आहे. "वो तो गिराहक का है ना अम्मा." तिने ते इतकं सहज सांगितलं की त्यात मोठेपणाचा वाससुद्धा नव्हता. नऊ वर्षं मी तिच्याकडून वांगी घेताना दाबून, उलटीपालटी करून, देठ तपासून घेत आले. ज्यातलं ती आधी स्वतः खाऊन बघते, ते मी तपासत होते.

मग तिने साधाच प्रश्न विचारला. कुठलाही टोमणा नव्हता, फक्त माहिती हवी होती.

"आपके कुंडीयां में कैसा आया टीचरम्मा?"

माझ्या कुंड्यांत मी घातलाच नव्हता. पिशव्या भरून उरलेली दोन्ही पोती तिला देऊन टाकली हे एक कारण, आणि खरं कारण असं की माझे टोमॅटो त्या वेळी भरात होते. त्यांच्या मुळाशी नवीन काही करायला माझा हात धजावला नाही. मंडळातल्या अठरा बायकांच्या कुंड्या आणि यादम्माचा अख्खा मळा मला चालला. स्वतःचे टोमॅटो नाही.

मी सांगितलं तिला. जसं होतं तसं सांगितलं, आणि माफी मागितली. यादम्माने वाफ्यातलं एक पिवळं पान खुडून टाकलं. मग म्हणाली, "आपकू भी डर लगा. लगताच है." आणि माझा दंड धरून गोठ्याकडे घेऊन गेली.

या सहलीत मी काही शिकले असेन तर ते त्या गोठ्यात. दुसरं पोतं तिने शेतात घातलंच नव्हतं. वाफा पिवळा पडायला लागल्यावर सासू म्हणाली की फेकू नका, म्हशींखाली पसरा, चिखल तरी कमी होईल. दोन म्हशींच्या पायाखाली तो काळा चुरा पसरला होता. गोठ्यात वास जवळजवळ नव्हता. रोज सकाळी शेणासकट तो झाडून खताच्या खड्ड्यात टाकायचा आणि खाली नवीन पसरायचा. मूत्र, शेण, सगळं पिऊन तो कोळसा खड्ड्यात मुरत होता. माझ्या माहितीपत्रकातला तो न पाळलेला परिच्छेद इथे दोन म्हशी रवंथ करत पाळत होत्या. खड्ड्यातला थोडा माल तिने आठवड्यापूर्वी पिवळ्या वाफ्यातल्या दोन वांग्यांना घातला होता. आम्ही परत जाऊन पाहिलं. त्या दोन झाडांना शेंड्याला नवीन पानं फुटली होती आणि ती हिरवी होती. बाकीच्यांना शेणकाला पाण्यात पातळ करून दे, असं मी म्हणणार होते, पण ती बादली आधीच भिंतीशी भरून ठेवलेली दिसली.

जेवायला तिने थांबवून घेतलं. जोन्न रोट्टे, म्हणजे आपली ज्वारीची भाकरी, पण हातावर थापलेली नव्हे, परातीत पातळ फिरवलेली. टोमॅटोचं वरण, चिंचेचं कच्चं सार, दही आणि भरली वांगी. गिऱ्हाइकाच्या सरीतली वांगी आमच्यासाठी तोडली होती. मी म्हटलं, ही तर विकायची. ती म्हणाली, "आप गिराहकच है ना." तिच्या दोघी मुली दारातून बघत होत्या. मी त्यांना आत बोलावलं आणि माझ्या ताटातलं एक एक वांगं दोघींना वाढलं. आपल्याकडे पाहुण्याने असं करू नये म्हणतात. मी केलं. त्यांनी ते क्षणात संपवलं.

साडी मी निघताना दिली. तिने घडी उलगडून रंग बघितला, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि खणाचं एक कापड माझ्या ओटीत घातलं. माफी, राग, हिशेब असलं काही उरलं नाही. मी तिला नमस्कार केला, तर ती संकोचून मागे सरली.

परतताना वर्गलच्या टेकडीवर चढलो. वसंत पंचमी होऊन गेली होती, गर्दी ओसरली होती, तरी पाटीवर अक्षरं गिरवणारी मुलं रांगेत होती. अक्षराभ्यासाला जायचं असेल तर सकाळी लवकर पोचा. नुसत्या दर्शनाला दुपार बरी, फक्त दगडी पायऱ्या तापतात, मोजे न्या. वरून लाल-हिरवी रानं लांबपर्यंत दिसतात. एक लहान मुलगी 'अ' उलटा काढत होती आणि पुजारी तिचं बोट धरून पुन्हा पुन्हा सुलट करत होते. मी एरवी पुढे होऊन काहीतरी सुचवलं असतं. हात जोडले आणि म्हटलं, मला शिकवलंस, आभारी आहे. हे म्हणाले, "कुणाला म्हणतेयस?" मी म्हटलं, दोघींना.

घरी आल्यावर आधी अठरा बायकांना फोन केले. चूक माझी, कोळसा काढता आला तर काढा, नाहीतर शेणखताचं पाणी द्या. कुणी रागावलं नाही, एकदोघींनी मात्र पुढच्या वर्षी डबेच द्या असं सुचवलं. मग नवा कोळसा केला. डेअरीच्या गोठ्यातून शेण आणलं, कोळसा त्यात कालवून झाकणाच्या बादल्यांत महिनाभर मुरवला. वास येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. बारा कुंड्यांत वांगी लावली, सहा कोळशाची, सहा साधी. तुम्ही करणार असाल तर मातीच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त घालू नका, चुरा बारीक करा, आणि आधी एकच कुंडी करा. दोन्हींकडे झाडं जवळजवळ सारखीच वाढली. पण एप्रिलच्या उन्हात साध्या कुंड्यांना रोज पाणी लागायचं, कोळशाच्यांना एका आड एक दिवस पुरायचं. एवढंच निघालं. एवढं मला पुरेसं वाटलं.

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी यादम्माला मी वर बोलावलं. नऊ वर्षांत ती आमच्या फाटकाच्या आत आली नव्हती, आणि ते माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. दोन जिने चढून ती गच्चीवर आली. मी दिलेला चहा बाजूला ठेवून ती कुंड्यांपाशी उकिडवी बसली. बोट खुपसून माती बघितली, वास घेतला, बाराही झाडांची पानं उलटून पाहिली. मी मागे उभी होते. इतकी धाकधूक मला इन्स्पेक्टर शाळेत आला तरी झाली नव्हती. खूप वेळाने ती उठली.

"एक बोरी है क्या?" तिने विचारलं.

मुरवलेलं एक पोतं होतं. ह्यांनी ते खाली नेऊन ट्रॉलीत चढवलं. मी फाटकापर्यंत गेले, पोत्याचं तोंड बांधलेलं आहे ना ते पाहिलं, आणि ऑटो सुरू होऊन वळणावरून दिसेनासा होईपर्यंत एकही सूचना दिली नाही.